पहिली विकत घ्या, दुसरी शिवून घ्या

गेल्या श्रावणात आई माझ्या खोलीत केर काढायला आली, काचेच्या कपाटासमोर थांबली आणि म्हणाली, "काय रे, पंचेचाळीस झालं तुला, अजून बावल्या खेळालास काय?" बावल्या नाहीत, जुन्या टीव्ही-विज्ञानकथांतल्या पात्रांच्या सहाव्या मापाच्या फिगर आहेत, हे सांगून काही उपयोग नव्हता. पण तोच प्रश्न आता गल्लीतली दोन पोरं वेगळ्या सुरात विचारायला लागलीत: काका, सुरुवात कुठनं करायची? त्यांच्यासाठी आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या त्यांच्यासारख्या इतरांसाठी हे लिहितोय. मी बेळगावातल्या उद्यमबागमधल्या एका मशीन शॉपमध्ये तपासणीला आहे. त्यामुळे मापाबद्दल जरा जास्तच बोलेन, ते सोसून घ्या.

पायरी पहिली: पट्टी घ्या, मगच पाकीट काढा

सहावं माप म्हणजे खऱ्या माणसाचा सहावा हिस्सा. सहा फुटी, म्हणजे १८३ सेंटिमीटरचा माणूस या मापात साडेतीस सेंटिमीटरचा होतो. १९६४ मध्ये अमेरिकेत हॅस्ब्रोनं 'जी. आय. जो' हा सैनिक काढला, तो साडेअकरा इंचाचा. सहानं गुणा, पाच फूट नऊ इंच येतात. दोन वर्षांनी इंग्लंडात पॅलिटॉय कंपनीनं त्याच अंगावर 'ॲक्शन मॅन' बेतला. तेव्हापासून हे माप टिकून आहे. कपडे कापडाचे, बूट काढता-घालता येणारे, हातात खरोखर बसेल असं यंत्र, हे सगळं नीट जमायला एवढी उंची लागतेच.

गोंधळ होतो तो जुन्या मालात. १९७४ मध्ये मेगो कंपनीनं 'स्टार ट्रेक' या अंतराळावरच्या मालिकेच्या फिगर काढल्या, त्या आठ इंची. मॅटेलच्या 'स्पेस: १९९९' या तशाच मालिकेच्या नऊ इंचाच्या आसपास. आपल्याकडे फनस्कूलचे जे जी. आय. जो मिळायचे ते पावणेचार इंची. ही सगळी चांगलीच खेळणी आहेत, पण सहाव्या मापाशेजारी उभी केली की बाप-लेक-नातू उभे केल्यासारखं दिसतं. दिवाळीच्या किल्ल्यावर दरवाजापेक्षा मावळा मोठा असला तरी कुणी हसत नाही. इथं हसतात. म्हणून विक्रेता "बिग साइज" म्हणाला की टाचेपासून डोक्यापर्यंतचे सेंटिमीटर विचारा, आणि पट्टी शेजारी ठेवून काढलेला फोटो मागा. देत नसेल तर पुढचा विक्रेता बघा.

एक अपवाद सांगून ठेवतो. केनर कंपनीचा १९७५ चा 'सिक्स मिलियन डॉलर मॅन' तेरा इंची आहे, म्हणजे मापाबाहेर. तरी जुन्या टीव्ही-विज्ञानकथेचा संग्रह करणाऱ्यांना तो हवाच असतो. डोक्यामागच्या भोकातून त्याच्या यांत्रिक डोळ्यानं पाहता येतं, आणि हातावरची रबरी कातडी वर गुंडाळली की आतली यंत्रं दिसतात. जुना घेणार असाल तर त्या कातडीचा जवळून फोटो मागा. पन्नास वर्षांत ते रबर तडकतं, चिकट होतं, तुकडे पडतात. कातडी शाबूत असलेला आणि नसलेला, यांच्या किमतीत फरक असणं साहजिक आहे.

पायरी दुसरी: एकच मालिका धरा

नवशिक्याची पहिली चूक ही की जे स्वस्तात दिसेल ते उचलायचं. वर्षभरानं कपाटात सतरा घरांचे सतरा पाहुणे जमतात, एकमेकांशी ओळख नाही. त्यापेक्षा एक मालिका निवडा आणि तिच्यातलं एक पात्र. जे पाहिलंय, जे आवडलंय तेच.

माझ्या पिढीसाठी हे सोपं होतं. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं. इंग्रजी निम्मं कळायचं नाही, पण विज्ञान अधिकारी स्पॉकचे टोकदार कान आणि कप्तान कर्कच्या हातातली उघडझाप होणारी डबी कळायला इंग्रजी लागत नव्हतं. मूळ मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ चालली, एकूण ७९ भाग. नवशिक्यानं इथून सुरुवात करावी असं माझं मत. पोशाख साधे आहेत, पात्रं ओळखीची आहेत, आणि क्वांटम मेकॅनिक्स व एक्सो-सिक्स या कंपन्यांनी या पात्रांच्या सहाव्या मापातल्या चांगल्या फिगर काढलेल्या असल्यामुळे नवा-जुना दोन्ही माल बाजारात फिरत असतो.

'डॉक्टर हू' बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झालं. त्यातला नायक चेहरा बदलत राहतो, त्यामुळे एकाच पात्राचे डझनभर अवतार होतात आणि खिसा रिकामा होतो. इंग्लंडच्या बिग चीफ स्टुडिओजनं यांच्या देखण्या फिगर काढल्या. टॉम बेकर या नटानं केलेला चौथा डॉक्टर घेतलात तर तो लांबच लांब मफलर येतोच. त्याची गंमत अशी की तो विणणाऱ्या बेगोनिया पोप यांना भरपूर लोकर दिली होती, त्यातली निवडायची होती. त्यांनी दिलेली सगळीच विणून टाकली, आणि तोच मफलर डॉक्टरची ओळख बनला. या मफलरकडे पुढं परत येऊ.

'लॉस्ट इन स्पेस' (१९६५ ते १९६८) मधला यंत्रमानव अनेकांना भुरळ घालतो. मी सुरुवातीला तो घेऊ नका म्हणेन, कारण यंत्रमानव जागा खातो आणि त्याला कपडे नसतात. कपड्यांशिवाय या छंदातली निम्मी मजा गेली. 'स्पेस: १९९९' बद्दल शेवटी बोलतो, कारण ती शिवून घ्यायची आहे.

पायरी तिसरी: पैसे देण्याआधी डोळे तयार करा

इथं घाई करू नका. महिनाभर फक्त बघा. निवडलेल्या पात्राचे भाग बघा, थांबवून बघा, वहीत लिहा.

उदाहरण कर्कचंच घेऊ. त्याचा शर्ट सोनेरी की हिरवा? पडद्यावर सोनेरी-पिवळा दिसतो आणि बहुतेक फिगर त्याच रंगाच्या येतात. पण प्रत्यक्षात ते कापड पोपटीकडे झुकणारं हिरवं होतं. त्या वेळच्या दिव्यांखाली, त्या फिल्मवर ते मखमली कापड सोनेरी उमटायचं. कर्कचा तो गुंडाळून घालायचा दुसरा अंगरखा मात्र हिरवाच दिसतो. रंग तोच ठरवलेला, कापड वेगळं, म्हणून फिल्मवर वेगळा उमटला. आता तुमच्या फिगरवर कुठला रंग बरोबर? मी पडद्यावरचा धरतो, कारण मी सेटवर कधी गेलो नव्हतो, टीव्हीसमोर बसलो होतो. माझा एक मित्र खऱ्या कापडाचा रंग धरतो. आमचं दर गुढीपाडव्याला भांडण होतं.

अशा आणखी जागा आहेत. पहिल्या दोन हंगामांत शर्ट मखमली वेलूरचे, तिसऱ्यात दुहेरी विणीच्या नायलॉनचे. वेलूर धुतलं की आटायचं, हे कापड बदलण्यामागचं एक कारण. म्हणजे कापडाचा पोत बघून फिगर कुठल्या हंगामाची बेतलीय ते ओळखता येतं. बाहीवरच्या पट्ट्या मोजा: कप्तानाला दोन अखंड पट्ट्या आणि मधे एक तुटक, स्पॉकला नुसत्या दोन अखंड. छातीवरच्या बाणाच्या टोकात हुकूम देणाऱ्यांना चांदणी, विज्ञान विभागाला गोलाकार चिन्ह, यंत्रविभागाला वळसेदार. स्वस्तातल्या नकली शर्टांवर हे हमखास चुकतं. स्पॉकच्या निळ्या शर्टावर चांदणी दिसली की पुढं बोलू नका.

चेहरा शेवटी बघा. विचित्र वाटेल, पण कंपनीच्या जाहिरातीतला चेहरा हा निवडून रंगवलेला नमुना असतो. कारखान्यातून आलेल्या डोक्याचे डोळे कधी किंचित तिरळे, ओठ जरा जास्त लाल. म्हणून घरी मिळालेल्या फिगरचे, साध्या उजेडात काढलेले लोकांचे फोटो शोधा.

पायरी चौथी: किंमत म्हणजे निम्मी किंमत

नवी चांगली फिगर परदेशात साधारण दोनशे ते तीनशे डॉलरच्या घरात असते. नवखा माणूस त्याचे रुपये करतो आणि खूश होतो. थांबा. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. हे फक्त वस्तूच्या किमतीवर नाही, तिच्यात वाहतूक आणि विमा धरून लागतं. म्हणजे २०,००० ची फिगर आणि ४,००० वाहतूक असेल तर २४,००० वर ७० टक्के, म्हणजे १६,८००. झाले ४०,८००. त्यावर जीएसटी, त्यावर कुरिअर कंपनीची हाताळणी फी. दर बदलत असतात, मागवायच्या आधी त्या आठवड्याचा दर बघा. पण गणित या क्रमानंच करा, आणि ते कागदावर लिहून घरच्या अर्थमंत्र्यांना आधीच दाखवा. नंतर कळलं तर जास्त महागात पडतं.

दुसरी गोष्ट आयएसआय चिन्हाची. खेळण्यांवर हे चिन्ह सक्तीचं करणारा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, आणि तो चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठीच्या वस्तूंसाठी आहे. आपल्या फिगर प्रौढ संग्राहकांसाठी असतात, डब्यावर तसं वयही छापलेलं असतं. पण सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर डबा जातो तेव्हा त्याला दिसते ती बाहुली. म्हणून विक्रेत्याला सांगून पावतीवर 'प्रौढांसाठी संग्रहाची वस्तू' असं लिहून घ्या, कंपनीच्या पानाची छापील प्रत, पैसे भरल्याचा पुरावा आणि आपली ओळखपत्रं एका फाइलमध्ये ठेवा. निर्णय शेवटी त्यांचा. किंमत कमी दाखवून मागवायचा सल्ला कुणी दिला तर घेऊ नका. पकडलं तर वस्तू जाते आणि दंड वेगळा.

आगाऊ नोंदणीचं एक दुखणं सांगतो. मी एकदा एका परदेशी विक्रेत्याला पूर्ण रक्कम आधीच भरली. सहा महिने म्हणाले, वर्ष म्हणाले, मग ईमेलना उत्तर येणं बंद. पैसे बुडाले. तेव्हापासून नियम: आगाऊ फक्त थोडी रक्कम, बाकी माल निघताना, आणि तीही कार्डानं, म्हणजे बँकेकडे तक्रार करता येते.

पहिल्या फिगरसाठी माझा खरा सल्ला: देशातल्याच एखाद्या संग्राहकाकडून वापरलेली घ्या. शुल्काचा प्रश्न मिटलेला असतो, आणि डबा उघडलेला असल्यामुळे आत काय आहे ते दिसतं. विकणाऱ्याला आजची तारीख चिठ्ठीवर लिहून फिगरशेजारी ठेवून फोटो काढायला सांगा. बदलून लावायच्या सुट्या हातांच्या जोड्या, ते जोडायच्या मनगटाच्या खिट्ट्या, स्टँड हे मोजून घ्या. बेंगळुरूला कॉमिक कॉन हा चाहत्यांचा मेळा २०१२ पासून भरतो. राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसला रात्री चढलं की सकाळी तिथं. प्रत्यक्ष हातात घेऊन बघायची ती एक चांगली संधी.

आणि हो, पार्सल आलं की दारावरचा कुरिअरवाला डबा हलवून विचारणार, "एन्री इदु, गोंबी?" म्हणजे, काय हो हे, बाहुली? होय म्हणा. समजावत बसलात तर डबा आणखी हलवेल.

पायरी पाचवी: डबा उघडताना

सिलिंग फॅन बंद करा. टेबलावर जुनी पांढरी चादर पसरा, म्हणजे उडालेली खिट्टी सापडते. मी पहिल्या फिगरची एक खिट्टी अशीच घालवली, अजून सापडली नाही.

हात बदलताना जोर लावू नका. हाताचं पीव्हीसी प्लास्टिक थंडीत कडक होतं आणि मनगटाची खिट्टी आतच मोडते. केस वाळवायच्या ड्रायरनं हाताचा सांधा वीसेक सेकंद कोमट करा, किंवा सुटा हात गरम पाण्यात धरा, मग हळू फिरवत ओढा. रंगवलेल्या डोक्यावर गरम हवा मारू नका. गडद रंगाची विजार असेल, आणि 'स्टार ट्रेक'ची काळीच असते, तर तिचा रंग आतल्या अंगाला लागतो. पायांभोवती स्वयंपाकघरातली पातळ क्लिंग फिल्म गुंडाळून मग विजार चढवा. अंग जोडविरहित सिलिकॉनचं असेल तर हे विसरूच नका, आणि अशा अंगाला गुडघा मुडपून महिनोन्महिने बसवून ठेवू नका, वळीवर चीर पडते.

दिव्यांसाठी बटण-सेल आले असतील तर दिवा एकदा लावून बघा, खूश व्हा, आणि सेल काढून ठेवा. गळलेला सेल आतल्या तारा खातो. डाग पडला तर साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. नेलपेंट काढायचं द्रावण कधीही नाही. त्यातल्या ॲसिटोननं एबीएस प्लास्टिक विरघळतं. शेजारच्या वहिनींनी प्रेमानं दिलं तरी नाही.

पायरी सहावी: पाऊस

पुण्या-मुंबईच्या संग्राहकांचे सल्ले आपल्याला इथं अपुरे पडतात. जांबोटी, कणकुंबीकडे राहणाऱ्यांना तर मी काय सांगू? जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून भिंतींना ओल, कपाटाच्या मागं बुरशीचा वास, चपला हिरव्या.

या छंदाचा पहिला शत्रू म्हणजे नकली चामडं. बूट, पट्टे, जाकिटं बहुधा पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या कापडाची असतात. हवेतलं पाणी त्या थराच्या रासायनिक साखळ्या तोडतं, आधी चिकट होतो, मग पोपडे सुटतात. हे पूर्ण थांबवता येत नाही, लांबवता येतं. त्यासाठी कपाटाची हवा कोरडी ठेवणं हा एकच मार्ग. काहीशे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं, ते आधी घ्या. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवायचा. माझ्या खोलीत जुलैत तो ऐंशीच्या वर जातो, बंद कपाटात ओल शोषणारं सिलिका जेल ठेवून पन्नासवर आणतो.

सिलिका जेल सुटं, रंग बदलणारं घ्या. निळ्याचं गुलाबी होणाऱ्यात कोबाल्टचं विषारी क्षार असतं, म्हणून नारिंगीचं हिरवं होणारं बरं, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, परत नारिंगी होतं. स्वयंपाकाचा ओव्हन वापरणार असाल तर घरात आधी विचारा. मी नाही विचारलं आणि नानकटाईच्या दिवशी पकडला गेलो.

डांबरगोळ्या नकोत. कपाट म्हटलं की आपल्या घरातल्या मोठ्यांचा हात डांबरगोळीकडे जातो, पण तिच्या वाफेनं काही प्लास्टिक मऊ पडतं, रंग चिकटतात. वर्तमानपत्रात गुंडाळणंही नको, शाई उमटते. कपाट खिडकीसमोर नको, कारण उन्हानं पांढरं एबीएस पिवळं पडतं. आणि बाहेरच्या भिंतीला चिकटून नको, चार बोटं पुढं ओढून ठेवा. कंपनीनं फिगरला गुंडाळलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद वर्षानुवर्षं तसाच ठेवणारे आहेत. तो काढा. मऊ पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य बाहेर येतं आणि कागद चेहऱ्याला चिकटतो.

पायरी सातवी: दुसरी शिवून घ्या

ही पायरी मोठी आहे, कारण इथंच आपल्या गावाचा फायदा आहे. एक चांगली फिगर घेऊन झाली, तिच्याशी खेळून झालं, माप डोळ्यात बसलं. आता दुसऱ्या फिगरवर चाळीस हजार घालू नका. सुटं अंग घ्या, सुटं डोकं घ्या, आणि बाकी इथं करून घ्या. संग्राहक याला किटबॅश म्हणतात. ज्या गावात शहापूर-वडगावचे विणकर आहेत, सराफ गल्ली आहे, गणपतीच्या मूर्ती रंगवणारे आहेत आणि उद्यमबागेत फाउंड्रीची, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारी, पॅटर्न शॉप आहेत, तिथं राहून आपण हाँगकाँगहून बूट का मागवावेत?

सुरुवातीला 'स्पेस: १९९९' धरा. १९७५ ची ब्रिटिश मालिका, चंद्रावरचा तळ. कपडे रूडी गर्नराइख या नामांकित डिझायनरनं बेतलेले: फिकट मळकट रंगाचा अंगाबरोबरचा पोशाख, पुरुष-बाया सगळ्यांना एकच, आणि डाव्या बाहीचा रंग वेगळा. त्या रंगावरून विभाग कळतो. कमांडरची काळी, वैद्यकीयवाल्यांची पांढरी, सुरक्षावाल्यांची जांभळी. खाली बेलबॉटम. शिवायला याहून सोपं काही नाही.

मी शहापुरातल्या एका जुन्या शिंपी मास्तरांकडे गेलो. चित्र बघून मास्तरांनी चष्मा वर केला. "हे काय वो, बेलबॉटम की! अशा शेकड्यानं शिवल्यात." मग अंग टेबलावर ठेवलं. मास्तर बराच वेळ गप्प. "आणि हे माप कुणाचं?"

त्यांना मी जे सांगितलं ते तुम्हीही सांगा. कापड सहा पटींनी पातळ होत नाही, ही या शिवणकामातली मुख्य अडचण. एक मिलिमीटर जाडीचं कापड या मापात सहा मिलिमीटरच्या गोधडीसारखं दिसतं. म्हणून पातळ होजिअरी किंवा पातळ लायक्रा निवडा. विणीचे धागे डोळ्याला मोजता येत असतील तर ते जाडं. टाका एक ते दीड मिलिमीटरचा, सुई नऊ नंबरची, शिवणीत आत सोडायचं कापड तीन मिलिमीटरच. काज-बटण नको, मागं पातळ वेल्क्रो किंवा सगळ्यात बारीक टिचबटण. शर्टाची घडी खाली पडत नसेल तर आतून कडेला बारीक तांब्याची तार घाला. आणि मजुरी पूर्ण शर्टाची द्या. छोटं आहे म्हणून कमी मागू नका. मास्तरांना ते मोठ्या शर्टापेक्षा दुप्पट त्रासाचं असतं.

'स्टार ट्रेक'च्या बाहीवरची सोनेरी पट्टी करायची असेल तर जरीचा धागा हाताशी आहेच. खरी पट्टी एक सेंटिमीटर धरली तर आपली १.७ मिलिमीटरच्या आसपास होते. सपाट जर दोनदा शेजारीशेजारी टाकली की काम झालं. धुऊ नका.

मफलरचं म्हणत होतो. टिळकवाडीतल्या माझ्या मावशीला चित्र दाखवलं. "एवढंच? मी विणतो की. सुया दे बारीक." बाजारातल्या सुया जाड पडल्या. मग आमच्या वेल्डिंग खात्यातली १.६ मिलिमीटरची स्टेनलेस तार घेतली, टोकं घासून गुळगुळीत केली, मागच्या टोकाला मणी चिकटवले. लोकर नाही वापरली. भरतकामाच्या सहापदरी धाग्यातले दोन पदर काढून घेतले. बारा फुटी मफलर धरला तर आपला दोन फूट होतो. मावशीनं तीन फूट विणला, कारण धागा उरला होता. बेगोनिया पोपबाईंची गोष्ट मी तिला सांगितलेली नव्हती.

लाकडी काम, म्हणजे कप्तानाची खुर्ची, चौथरा वगैरे, पॅटर्न बनवणाऱ्या सुताराकडून करून घ्या. मापाला त्यांच्याइतकं पक्कं कुणी नाही. एक खबरदारी: ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं, म्हणून त्यांच्याकडं तेवढी मोठी आखलेली कॉन्ट्रॅक्शन स्केल असते. हात सवयीनं तिच्याकडेच जातो. साध्या पट्टीनं करा म्हणून आधी सांगा, नाहीतर पंधरा सेंटिमीटरची खुर्ची दीड मिलिमीटर मोठी येते आणि कर्कचे पाय लोंबकळतात.

पिस्तूल, संपर्काची डबी अशा बारीक वस्तू रेझिन थ्रीडी प्रिंटरवर छान निघतात. कच्चं रेझिन कातडीला लागू देऊ नका, हातमोजे घाला, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, अतिनील दिव्याखाली पूर्ण पक्कं करा. रंगवायला गणपतीच्या मूर्तीचे डोळे लिहिणारा हात मिळाला तर त्याच्याकडे जा, पण ऑगस्टमध्ये नाही. तेव्हा तो तुमचा फोनसुद्धा उचलणार नाही.

बुटांसाठी चांभाराकडचं चामडं जाड असतं. मागच्या बाजूनं ते अर्ध्या मिलिमीटरपर्यंत तासून द्या म्हणा, पट्टा तरी नक्की होतो. बूट मात्र विकत घेतलेलेच बरे, हे मी तीन जोड्या वाया घालवून शिकलो.

आणि मास्तरांकडे चित्र देताना एक गोष्ट लिहून द्या. मी समोरून काढलेलं कमांडरचं चित्र दिलं आणि तोंडानं म्हणालो, "ही डावीकडची बाही काळी." चित्रात डावीकडची, म्हणजे त्या माणसाची उजवी. आठ दिवसांनी शर्ट आला, शिवण अशी की भिंग लावलं तरी खोट दिसू नये, आणि काळी बाही उजव्या हाताला. चूक माझी होती, मी पैसे दिले आणि चूक सांगितली. मास्तर काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी बाजाराला गेलो तेव्हा त्यांनी हाक मारून दुसरा शर्ट हातात ठेवला, पैसे घेतले नाहीत. घरी येऊन उलटा करून बघितला तर डाव्या बाहीच्या आत लाल धाग्यानं बारीक 'डा' काढलेला होता.